सोसेल त्याचा इतिहास

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



२०२१ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस कॅनडातील कॅमलूप्स या गावाचे नाव एकाएकी जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या या गावी आदिवासी मुलांसाठी एक निवासी शाळा होती. १८९० साली ती सुरू झाली आणि १९७८ साली बंद पडली. तिच्या आवारात जमिनीखालचा वेध घेणाऱ्या रडारच्या साहाय्याने पाहणी करण्यात आली, तेव्हा सुमारे दोनशे ठिकाणी मुलांना पुरले असावे अशी चिन्हे आढळली, असे तेथील सेक्वेपेमक समाजाने जाहीर केले. ‘शोध लागला’ असे मथळे सर्वत्र छापून आले. वस्तुतः हा शोध कोणाला लागला, हा प्रश्न विचारला पाहिजे. समाजातील वृद्ध माणसे ही गोष्ट कितीतरी वर्षे सांगत आली होती. रडारचे यंत्र कोठे फिरवावयाचे, हेदेखील त्यांच्याच आठवणींवरून ठरले. ज्यांना ठाऊक होते त्यांच्या ठाऊक असण्याला किंमत नव्हती. यंत्राने होकार दिल्यावर ती आली.

आजचा विषय केवळ त्या शाळा हा नाही. त्या शाळांचा इतिहास ज्यांनी सोसला, त्यांनीच तो शोधून काढण्याचे, नोंदवण्याचे आणि जपण्याचे जे काम गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे कॅनडात चालवले आहे, ते काम हा आजचा विषय आहे. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा ज्या चळवळीने दिली, तिच्या कार्यकर्त्यांना ‘सोसेल त्याचा इतिहास’ हे सूत्र समजावयास अडचण पडू नये. तथापि हे सूत्र दिसते तितके सोपे नाही, हेही ओघात दिसून येईल.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कॅनडाच्या केंद्र सरकारने कॅथलिक, अँग्लिकन, मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन चर्चच्या हाती सोपवून या निवासी शाळांचे जाळे उभे केले. मुलाला आईबापांपासून तोडायचे, त्याची भाषा, नाव, केस, देव, सर्व काही काढून घ्यायचे आणि त्याचा ‘सुधारलेला’ नागरिक बनवून परत पाठवायचे, हा उद्देश सरकारने कधी लपवून ठेवला नाही. १९२० साली कायद्यात दुरुस्ती करून आदिवासी मुलांची शालेय उपस्थिती सक्तीची करण्यात आली, आणि जेथे दुसरी शाळा नव्हती तेथे या सक्तीचा अर्थ घर सोडणे असाच होता. फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इन्युइट समाजांची मिळून सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. अखेरच्या शाळा गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात बंद झाल्या. म्हणजे ही कथा पुराणकाळातली नव्हे. तिचे साक्षीदार आज हयात आहेत.

या व्यवस्थेचे अर्थशास्त्र मात्र थोडे सविस्तर पाहिले पाहिजे, कारण क्रौर्याचा उगम केवळ क्रूर माणसांत शोधण्याची सवय आपल्या चळवळीतही आहे आणि ती पुरेशी नाही. १८९२ पासून सरकारने या शाळांना दरडोई अनुदान देण्याची पद्धत सुरू केली. पटावर जितकी मुले तितके पैसे. शाळा चालवणाऱ्या चर्चची मिळकत मुलांच्या संख्येवर अवलंबून राहिली आणि प्रत्येक मुलामागचा दर तुटपुंजा ठेवला गेला. या दोन गोष्टी एकत्र आल्या की पुढचे सारे अटळ होते. पट भरण्यासाठी आजारी मुलेही दाखल करून घेतली जात, आणि खर्च भागवण्यासाठी मुलांनाच कामाला जुंपले जाई. अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस शेत, गोठा, धुणे, शिवण, स्वयंपाक. या ‘अर्ध्या दिवसाच्या’ पद्धतीला व्यवसायशिक्षण म्हणत. खरे पाहता ती मुलांच्या बिनपगारी श्रमावर चालणारी संस्था होती. १९३७ साली सरकार या शाळांतील मुलामागे वर्षाला सरासरी १८० डॉलर देत होते. त्याच सुमारास मॅनिटोबा प्रांतातील मूकबधिर मुलांच्या शाळेचा दरडोई खर्च ६४२ डॉलर होता आणि तेथील मुलांच्या सुधारगृहाचा ५५० डॉलर. कॅमलूप्सच्या मुख्याध्यापकानेच १९१० साली तक्रार केली होती की, सरकारच्या पैशात मुलांना नीट जेवू घालता येत नाही. दरडोई पद्धत १९५७ पर्यंत चालली.

(महाराष्ट्रातील अनुदानित आश्रमशाळांनाही विद्यार्थ्यामागे परिपोषण अनुदान मिळते. दोन्ही व्यवस्थांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. येथे मुलाची भाषा मारून टाकण्यासाठी कायदा झालेला नाही आणि शाळेची मागणी पुष्कळदा आईबापांचीच असते. परंतु पटावरची संख्या आणि ताटावर बसणारी संख्या यांतील अंतर म्हणजे काय, हे आदिवासी भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.)

परिणाम लवकरच दिसू लागले होते. डॉ. पीटर ब्राइस या सरकारच्याच वैद्यकीय अधिकाऱ्याने १९०७ साली पश्चिमेकडील शाळांची पाहणी केली. पंधरा शाळांनी दिलेल्या माहितीनुसार त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश मरण पावले होते, मुख्यतः क्षयाने. फाइल हिल्स या एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत हे प्रमाण ६९ टक्के होते. ब्राइस यांच्या सूचना बाजूला सारल्या गेल्या. सेवेतून बाहेर पडल्यावर १९२२ साली त्यांनी ‘एका राष्ट्रीय गुन्ह्याची कहाणी’ अशा आशयाच्या नावाची पुस्तिका प्रसिद्ध केली. देशाने ती वाचली आणि विसरून गेला. ब्राइस यांचा गौरव आज सर्वत्र होतो व तो योग्यच आहे. परंतु त्यांनी आकडे मोजले ते शाळांना विचारून. ज्या घरांतली मुले परत आली नाहीत, त्या घरांना विचारण्याची कल्पना त्या काळी कोणालाच सुचली नाही.

पुढे आकड्यांचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. १९३६ ते १९४४ या काळात आदिवासी खात्याच्या सुमारे दोन लाख फायली नष्ट करण्यात आल्या. त्यामागे कट होता असे म्हणण्याची गरज नाही. कपाटे मोकळी करणे एवढाच हेतू असेल. आणि मग २००७ साली न्यायालयाच्या देखरेखीखाली तडजोड करार अमलात आला, तेव्हा शाळेत राहिलेल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षासाठी १० हजार डॉलर आणि पुढील प्रत्येक वर्षासाठी ३ हजार डॉलर भरपाई द्यावयाचे ठरले. त्यासाठी अट एकच, आपण त्या शाळेत होतो हे नोंदींवरून सिद्ध झाले पाहिजे! नोंद सापडत नाही म्हणून अनेकांचे दावे फेटाळले गेले किंवा त्यांची वर्षे कापली गेली. कागद ज्याने जाळला त्यानेच कागद मागावा, हा न्याय आपल्याकडील वनहक्कांच्या दावेदारांना ओळखीचा वाटेल.

या पार्श्वभूमीवर समाजाने स्वतः केलेल्या संशोधनाचे महत्त्व ध्यानी येते. ऑन्टारिओ प्रांतातील सू सेंट मरी येथील शिंगवॉक शाळा १९७० साली बंद झाली आणि तिच्या इमारतीत अल्गोमा महाविद्यालय आले. तेथे १९७९ साली शिंगवॉक प्रकल्प सुरू झाला व १९८१ साली माजी विद्यार्थ्यांचा पहिला मोठा मेळावा भरला. सत्य व सलोखा आयोगाची भाषा तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. माणसे जमली, ती एकमेकांना भेटण्यासाठी. येताना कोणी घरातला एखादा फोटो आणला, कोणी पत्र, कोणी नुसती आठवण. त्यातूनच एक अभिलेखागार उभे राहिले आणि माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेने त्याची दिशा ठरवली.

तेथील एक काम विशेष सांगण्यासारखे आहे. चर्चच्या आणि सरकारच्या दप्तरांत या शाळांची असंख्य छायाचित्रे आहेत. रांगेत उभी असलेली मुले, सारखे कपडे, सारखे कापलेले केस; खाली शाळेचे नाव, कधी पाद्र्याचे नाव; मुलांची नावे नाहीत. मेळाव्यांतून असे फोटो मांडून ठेवले जातात. एखादी वृद्ध बाई फोटोवर बोट ठेवून सांगते, ही माझी बहीण, ही अमक्या गावची. नाव लिहून घेतले जाते. पाहणाऱ्याला हे काम किरकोळ वाटेल. विद्यापीठीय भाषेत याला फार तर ‘छायाचित्रांचे सूचीकरण’ म्हणतील. पण सत्य व सलोखा आयोगाने शाळांतील मृत्यूंची नोंदवही तयार केली तेव्हा हाती आलेल्या सुमारे ३,२०० मृत्यूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलांची नावेच कोणी लिहून ठेवली नव्हती आणि निम्म्यांच्या बाबतीत मृत्यूचे कारण नोंदले नव्हते, हे कळल्यावर त्या बोट ठेवण्याचे मोल समजते. पुढे राष्ट्रीय केंद्राने चालू ठेवलेल्या कामातून हा मृत्यूंचा आकडा ४,१०० च्या वर गेला.

दुसरे उदाहरण अधिक दाहक आहे. जेम्स उपसागराच्या काठी फोर्ट अल्बनी येथे सेंट अ‍ॅन्स नावाची शाळा होती. त्या समाजाचे प्रमुख राहिलेले आणि स्वतः त्या शाळेत शिकलेले एडमंड मेटाटावाबिन यांनी १९९२ साली माजी विद्यार्थ्यांची परिषद भरवली. तिथे पहिल्यांदा माणसे एकमेकांसमोर बोलली. मारहाण, लैंगिक अत्याचार, मुलांना बसवून विजेचा झटका देणारी घरगुती बनावटीची खुर्ची. या कथनांच्या आधारे प्रांतिक पोलिसांनी कित्येक वर्षे तपास केला, शेकडो जबाब नोंदवले आणि काहींना शिक्षाही झाल्या. परंतु पुढे भरपाईच्या सुनावण्या सुरू झाल्या तेव्हा केंद्र सरकारजवळ असलेली ही पोलिसी कागदपत्रे त्यांत मांडलीच गेली नाहीत. ती हजर करा, असा आदेश न्यायालयाला जानेवारी २०१४ मध्ये द्यावा लागला. समाजाने जे सत्य खणून काढले, तेच सरकारी कपाटात जाऊन पुन्हा गाडले गेले होते. म्हणून केवळ सत्य बाहेर काढून भागत नाही. ते कोणाच्या ताब्यात राहते हा प्रश्न तितकाच मोठा आहे.

१९९८ साली फर्स्ट नेशन्सच्या आरोग्य-पाहणीचे काम करणाऱ्या मंडळींनी या प्रश्नाला सूत्ररूप दिले. माहितीची मालकी, तिच्यावरील नियंत्रण, ती पाहण्याचा हक्क आणि तिचा प्रत्यक्ष ताबा, या चारही गोष्टी समाजाच्या असल्या पाहिजेत, हे ते सूत्र. समाजवाद्याने हे वाचले की उत्पादनाच्या साधनांची आठवण होणे स्वाभाविक आहे. फरक इतकाच की येथे कच्चा माल म्हणजे माणसाचे दुःख असते आणि तयार माल म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी पदवी.

व्यवहारात या सूत्राचा अर्थ संथपणा असा होतो. संशोधकाने आधी समाजाच्या परिषदेकडे आणि वडीलधाऱ्यांकडे जायचे. प्रश्न काय असावेत हे त्यांच्यासह ठरवायचे. साक्ष सांगताना सांगणाऱ्याजवळ आधाराला माणूस असेल याची व्यवस्था करायची. लिहून काढलेले कथन ज्याचे त्याला दाखवायचे. त्याने ‘हे काढून टाका’ म्हटले तर काढून टाकायचे. अनेकदा सांगणारा बोलायला बसतो आणि उठून जातो. पुन्हा वर्षाने येतो. ठरावीक मुदतीत अहवाल मागणाऱ्या संस्थांना हे परवडत नाही. व्हँकुव्हर बेटावरील नू-चा-नुल्थ समाजाच्या परिषदेने आपल्याच माणसांच्या मुलाखती घेऊन १९९६ साली निवासी शाळांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तो याच वाटेने. आपल्या कार्यकर्त्यांपैकी अनेकांनी पाड्यापाड्यांवर जाऊन पाहण्या केल्या आहेत, वह्या भरल्या आहेत, निवेदने तयार केली आहेत. त्या वह्यांपैकी किती वह्या पाड्यावर परत गेल्या, याचा हिशेब एकदा मांडावयास हरकत नाही.

येथे एका भाबडेपणापासून सावध राहिले पाहिजे. समाजाची स्मृती सर्व काही सांगू शकते आणि अभ्यासकाची गरजच उरत नाही, असा या सूत्राचा अर्थ लावला जातो, तो चुकीचा आहे. इयन मॉस्बी या इतिहासकाराने २०१३ साली एक लेख प्रसिद्ध केला. १९४८ ते १९५२ या काळात सहा निवासी शाळांतील मुलांवर, त्यांना वा त्यांच्या पालकांना न सांगता, पोषणविषयक प्रयोग करण्यात आले होते, हे त्याने सरकारी दप्तरांतून उघड केले. नू-चा-नुल्थ प्रदेशातीलच अल्बर्नीच्या शाळेत मुलांना शिफारस केलेल्या प्रमाणाच्या निम्म्याहून कमी दूध मिळत होते. तुलनेसाठी आधाररेषा हवी म्हणून ते दोन वर्षे तसेच ठेवण्यात आले. भूक मुलांना आठवत होती. तिचा कोणी तक्ता मांडत होते हे त्यांना कळणे शक्यच नव्हते. अशा वेळी कागद वाचणारा माणूस लागतो. तो मालक म्हणून यावा की सोबती म्हणून, एवढाच वाद आहे.

२००९ ते २०१५ या काळात न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखाली सत्य व सलोखा आयोगाने सहा हजारांहून अधिक लोकांची कथने ऐकली व ९४ शिफारशी केल्या. आयोगाचे कार्य मोठे आहे, यात शंका नाही. पण सरकारी दप्तरे मिळवण्यासाठी या सरकारमान्य आयोगालाही न्यायालयाची पायरी चढावी लागली, हे विसरता कामा नये. आयोगाचा सारा संग्रह आता विनिपेग येथे, मॅनिटोबा विद्यापीठातील राष्ट्रीय केंद्रात आहे.

कॅमलूप्सनंतर जे घडले त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. रडारला जमिनीतील उलथापालथ दिसते, हाडे दिसत नाहीत. सेक्वेपेमक समाजाने प्रथम २१५ हा आकडा सांगितला, नंतर तपासणीअंती सुमारे २०० ‘संभाव्य’ दफने असा तो दुरुस्त केला. परदेशी वृत्तपत्रांनी मात्र ‘सामूहिक कबर’ असे शब्द छापले. सस्कॅचवानमधील काउएसेस समाजाने जून २०२१ मध्ये ७५१ थडगी सापडल्याचे सांगितले, तेव्हा त्यांच्या प्रमुखाने ही सामूहिक कबर नव्हे, खुणा नाहीशा झालेली थडगी आहेत, असे त्याच दिवशी बजावले होते. ऐकले कोणी? ऑगस्ट २०२३ मध्ये मॅनिटोबातील पाइन क्रीकच्या समाजाने चर्चच्या तळघरात रडारने दाखवलेल्या १४ जागा खणून पाहिल्या. मानवी अवशेष आढळले नाहीत, आणि हे त्यांनी स्वतः जाहीर केले. सस्कॅचवानमधील लेब्रे येथे स्टार ब्लँकेट समाजाला लहान मुलाच्या जबड्याचा सुमारे सव्वाशे वर्षे जुना तुकडा मिळाला होता, तेही त्यांनी त्याच वर्षी जानेवारीत सांगितले होते. वृत्तपत्रांच्या भडक शब्दांचा फायदा आता ‘असे काही घडलेच नाही’ म्हणणाऱ्यांनी उठवला आहे. या सर्व प्रकरणात सर्वांत काटेकोर भाषा वापरली ती आदिवासी समाजांनी, आणि खोटेपणाचा आरोप आला तोही त्यांच्यावरच. मुलांच्या मृत्यूंचा पुरावा रडारवर कधीच अवलंबून नव्हता. तो ब्राइसच्या अहवालात आणि आयोगाच्या नोंदवहीत आधीपासून आहे. खणायचे की नाही याबाबत त्या समाजांत मतभेद आहेत. काहींना मुलांना घरी न्यायचे आहे. काहींना त्यांची शांतता मोडायची नाही. बाहेरच्यांनी घाई करण्याचे कारण नाही.

या कामाला पैसा लागतो, आणि पैसा पुन्हा सरकारचाच. २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने या शोधकार्यासाठी दर समाजाला मिळणाऱ्या निधीवर वर्षाला ५ लाख डॉलरची मर्यादा घातली. पूर्वी ती ३० लाखांपर्यंत होती. ओरड झाल्यावर ऑगस्टमध्ये निर्णय मागे घेण्यात आला. दरडोई अनुदानाचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता सर्वांत अवघड प्रश्न. तडजोड करारानुसार, ज्यांच्यावर शाळेत गंभीर अत्याचार झाले त्यांच्यासाठी स्वतंत्र सुनावण्यांची व्यवस्था होती. अडतीस हजारांहून अधिक लोकांनी दावे केले आणि बंद दाराआड, गुप्ततेच्या आश्वासनावर, जे आयुष्यभर कोणाला सांगितले नव्हते ते सांगितले. या नोंदींचे पुढे काय करायचे? केंद्र सरकार आणि राष्ट्रीय केंद्र म्हणत होते, जपून ठेवा. सुनावण्यांचा मुख्य अधिकारी म्हणत होता, नष्ट करा. आणि फर्स्ट नेशन्सची सभा व कॅथलिक संस्था या प्रश्नावर त्याच बाजूला उभ्या होत्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, या नोंदी पंधरा वर्षे ठेवाव्यात, त्या अवधीत प्रत्येक दावेदाराला आपली नोंद जपावयाची की नाही हे ठरवता यावे, आणि ज्याने संमती दिली नाही त्याची नोंद नष्ट व्हावी. त्या हिशेबाने १९ सप्टेंबर २०२७ ही तारीख येते.

इतिहासाच्या अभ्यासकाचा जीव या निर्णयाने कळवळेल. एवढा मोठा पुरावा, नाकारणाऱ्यांची तोंडे बंद करणारा, यंत्रात घालून फाडायचा! तरीही न्यायालयाचा निर्णय योग्य आहे, असेच म्हणावे लागते. लहानपणी ज्यांच्या शरीरावर त्यांचा स्वतःचा हक्क राहू दिला गेला नाही, त्यांच्या शब्दांवर तरी तो राहिला पाहिजे, मग त्यात इतिहासाचे नुकसान का होईना. राष्ट्राला पुरावा हवा असेल तर त्याने आपल्या फायली जपायच्या होत्या. मात्र निवड करण्याचा हक्क दिला म्हणजे निवड झाली असे नव्हे. दावेदार दूरदूरच्या वस्त्यांत राहतात, अनेक वृद्ध आहेत, अनेकांना आपल्याला असा पर्याय आहे हेच कळलेले नाही. त्यांच्यापर्यंत पोचणे, समजावून सांगणे, हो किंवा नाही जे असेल ते लिहून घेणे, हे काम माजी विद्यार्थ्यांच्या संघटना आणि गावोगावचे आरोग्य-सेवक करीत आले आहेत. ज्यांनी दावा केला, भरपाई घेतली आणि कोणी विचारायला येण्याआधीच जे वारले, त्यांच्या वतीने मुलांना किंवा नातवंडांना संमती देता येत नाही. आपली आई त्या खोलीत काय बोलली होती, हे त्यांना कळण्याचा मार्ग नाही.